श्वास मोजणारा योगी

मलकपेठेत मी गाणे शिकवतो. शिकायला येणाऱ्यांकडून जो प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो, तो रागाचाही नसतो आणि तालाचाही नसतो. तो श्वासाचा असतो. दम पुरत नाही, तान मध्येच तुटते, तेव्हा कोणता प्राणायाम केला म्हणजे फुप्फुसांत अधिक प्राणवायू भरेल, असे लहानथोर सारेच विचारतात. आमच्या गंजातल्या लाल मिरचीचा ठसका ज्यांच्या घशाला रोजचाच आहे, ते तर हटकून विचारतात.

या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. ती अशी की, प्राणायाम म्हणजे शरीरात प्राणवायूची भर घालण्याची युक्ती. ही समजूत खरी की खोटी, हे उपकरणे लावून पाहणारा पहिल्या फळीचा संशोधक एक मराठी संस्कृतज्ञ होता, आणि तो स्वतः योगीच होता. स्वामी कुवलयानंद हे त्यांचे नाव. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे ते संस्थापक. माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असते, म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावेसे वाटते.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभई येथे त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी त्यांना पडेल ते कष्ट उपसावे लागले. परंतु बुद्धी तल्लख होती. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे बडोदे कॉलेजात शिकून १९१० साली ते पदवीधर झाले.

त्या काळचे बडोदे म्हणजे सयाजीराव गायकवाडांचे बडोदे. संस्थानी शहरात वाढलेल्या आम्हां लोकांना अशा गावाची कल्पना चटकन येते. राजाश्रयाने तेथे गाणे फुलले, ग्रंथालये उभी राहिली, कुस्ती आणि व्यायाम यांनाही मान मिळाला. अरविंद घोष तेथे प्राध्यापक होते आणि त्यांच्या विचारांचे वारे तरुणांच्या अंगात भरत होते. लोकमान्य टिळकांचे राजकारण सगळ्या मराठी मुलखाला जागे करीत होते. आणि जुम्मादादांच्या व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव तरुणांची शरीरे घडवीत होते. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुणे माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. देशाची सेवा करायची, त्यासाठी आजन्म ब्रह्मचारी राहायचे, हा निश्चय त्यांनी विद्यार्थिदशेतच केला आणि अखेरपर्यंत पाळला.

शिक्षण संपल्यावर ते खानदेशात अमळनेरला गेले. साने गुरुजींमुळे अमळनेर मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. पण गुरुजी तेथे येण्याच्या काही वर्षे आधी गुण्यांनी त्या गावात शिक्षणाचे काम केले होते. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९१६ साली प्राचार्य झाले. राष्ट्रीय बाण्याचे हे महाविद्यालय इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सलत होते, ते १९२० साली बंद पडले. खेडोपाडी हिंडताना लोकांचे अज्ञान आणि भाबडेपणा त्यांनी जवळून पाहिला होता. मनाचा ओढा अध्यात्माकडे, पण बुद्धीचा स्वभाव पुरावा मागण्याचा. हे दोन्ही एकाच माणसात असले म्हणजे त्याला स्वस्थ बसवत नाही.

१९१९ साली त्यांना गुरू भेटले. बंगालमधून आलेले परमहंस माधवदासजी त्या वेळी बडोद्याजवळ नर्मदाकाठी मालसर येथे राहत. गुण्यांनी त्यांच्यापाशी योगाचे रीतसर शिक्षण घेतले. हा सहवास फार लांबला नाही, १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. परंतु शिष्याला जे मिळायचे ते मिळाले होते.

आता कोणी दुसरा असता तर गुरूने दिलेले मस्तकी धरून तसेच्या तसे पुढच्याला देता. आमच्या गायनाच्या क्षेत्रात हीच रीत. गुरूने सांगितले ते खरे. का, असे विचारणे म्हणजे उद्धटपणा. गुण्यांनी मात्र गुरूवरची श्रद्धा आणि प्रश्न विचारण्याची सवय, या दोहोंपैकी एकही सोडले नाही. योगाने शरीरावर जे परिणाम होतात असे ग्रंथ म्हणतात आणि अनुभवाने जाणवते, ते परिणाम यंत्राला दिसतात काय, हे त्यांना पाहायचे होते. १९२० आणि १९२१ या वर्षांत त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळातील प्रयोगशाळेत आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला. पोट आत ओढून स्नायू गोल फिरवणारा योगी क्ष-किरणांपुढे उभा राहिला.

यातून एक सुंदर गोष्ट बाहेर आली. बस्ती नावाच्या क्रियेत योगी पाण्यात बसून ते पाणी गुदद्वाराने आतड्यात वर ओढून घेतात. हे कसे घडते, याविषयी नाना गूढ कल्पना होत्या. कुवलयानंदांनी आतड्यातला दाब मोजला, तेव्हा नौली करताना तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो असे आढळले. आत दाब कमी झाला की पाणी आपोआप वर चढते, पिचकारीचा दांडा मागे ओढल्यावर रंग जसा चढतो तसेच. चमत्काराचे निसर्गनियमात रूपांतर झाले. त्या कमी झालेल्या दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. श्रद्धा आणि शास्त्र यांचा असा मेळ मी तरी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे.

१९२४ च्या ऑक्टोबरात, विजयादशमीच्या मुहूर्तावर, त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. त्यात एका बाजूला प्रयोगांची टिपणे, आकडे, क्ष-किरणांची चित्रे आणि दुसऱ्या बाजूला सामान्य माणसाने आसने व प्राणायाम कसे करावेत याचे सोपे विवेचन असे. मठ आणि प्रयोगशाळा एकाच आवारात नांदू लागली.

येथे प्राणवायूचा प्रश्न येतो. त्या काळी पाश्चात्य देशांत दीर्घ श्वसनाच्या व्यायामांचे मोठे वेड होते. खोल श्वास घ्या, रक्तात प्राणवायू वाढवा, दीर्घायुषी व्हा, असा त्या व्यायामांचा मंत्र. आपल्याकडील उत्साही मंडळींना मग साहजिकच वाटे की आमचा प्राणायाम हा त्याचाच श्रेष्ठ अवतार. असे म्हणणे कुवलयानंदांच्या सोयीचे होते. योगाचा प्रसार त्यांना हवा होता, आणि विज्ञानाच्या नावाने एवढा मोठा दावा आयताच हाती येत होता.

त्यांनी दावा करण्याऐवजी मोजले. प्राणायामात बाहेर टाकलेली हवा गोळा करून तिच्यातील प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड किती, हे त्यांनी तपासले. १९३० नंतरच्या काही वर्षांत योगमीमांसेत हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते असे की, प्राणायाम करताना शरीर नेहमीपेक्षा अधिक प्राणवायू शोषून घेते, या समजुतीला आधार मिळत नाही. स्वतःच्या साधनेचे एक आकर्षक प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच्या हाताने फाडून टाकले, आणि तेही स्वतःच्याच त्रैमासिकात, सर्वांच्या डोळ्यांदेखत.

असे का होते, हे समजायला फार गणित नको. विसावलेला माणूस मिनिटास सुमारे १५ श्वास घेतो, प्रत्येक श्वास अर्ध्या लिटरच्या आसपास. म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर हवा आतबाहेर होते. प्राणायामात श्वास मोठा असतो, पण मिनिटात एक किंवा दोनच होतात. एकूण हवा वाढत नाही, उलट पुष्कळदा घटतेच. शिवाय आत घेतलेल्या हवेत प्राणवायू शेकडा २१ आणि बाहेर टाकलेल्या हवेत शेकडा सुमारे १६ असतो. याचा अर्थ असा की आलेल्यापैकी बराचसा प्राणवायू आपण न वापरताच परत करतो. निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मुळातच शेकडा ९५ च्या वर असते. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? शरीर गरजेपुरते घेते. त्याची साठवण करण्याची कोठी आपल्याजवळ नाही.

याला एक उपकथा आहे. त्रावणकोरकडचे कोवूर बेहानन हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतील येल विद्यापीठात शिकत होते. योगाचा अभ्यास करण्यासाठी ते लोणावळ्यास येऊन कुवलयानंदांपाशी राहिले. परत गेल्यावर येलमध्ये झालेल्या मोजमापांत उज्जायी करताना प्राणवायूचा खर्च शेकडा २४.५, भस्त्रिकेत १८.५ आणि कपालभातीत १२ ने वाढलेला आढळला. १९३७ साली त्यांचा योगावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. वरवर पाहता हे कुवलयानंदांच्या निष्कर्षाच्या विरुद्ध वाटेल. पण खर्च वाढला याचा अर्थ स्नायूंना श्रम पडले एवढाच होतो. तेवढी वाढ तर साधे उठून चालू लागल्यानेही होते. झपाझप चालणाऱ्याचा खर्च विश्रांतीच्या दुप्पट-तिपटीवर सहज जातो. प्राणवायूच अधिक वापरायचा असेल तर मलकपेठेतून चादरघाटचा पूल ओलांडून कोठीपर्यंत पायी जाऊन यावे, त्यासाठी नाकपुड्या दाबण्याची गरज नाही.

मग प्राणायाम कशासाठी? कुवलयानंदांचे म्हणणे असे की, पाश्चात्य दीर्घश्वसनाची किंमत प्राणवायूवरून करतात, प्राणायामाची किंमत मज्जासंस्थेवरून करावी. श्वास ही शरीरातली एकच अशी मोठी क्रिया आहे की जी आपोआपही चालते आणि इच्छेनेही चालवता येते. हृदयाला हळू चाल असे सांगता येत नाही, श्वासाला सांगता येते. श्वास संथ झाला की त्याच्या मागोमाग बाकीचे शरीर शांत होते. सामान्य माणसाने श्वास रोखून धरण्याच्या मागे लागू नये, घेण्याला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ सोडण्यास द्यावा, आणि गुदमरल्यासारखे वाटू लागेल इतके कधीही ताणू नये, ही त्यांची शिकवण होती.

हे वाचले तेव्हा मला माझ्या वडिलांची तालीम आठवली. ते दरबारी गायक. संस्थान विलीन होण्याआधी जेमतेम दोन वर्षे, अगदी कोवळ्या वयात, दरबारच्या गवयांत त्यांचे नाव लागले होते. योगाचा एकही ग्रंथ त्यांनी वाचलेला नव्हता. पण पहाटेच्या खर्जाच्या रियाजात श्वास किती घेतला इकडे त्यांचे लक्ष नसे, तो कसा खर्च होतो इकडे असे. घेताना आवाज करू नये, छाती ठासून भरू नये, आणि सोडताना कंजूष सावकारासारखे मोजून सोडावे, अशी त्यांची शिस्त. दमसास म्हणजे साठा मोठा असणे असे आपण समजतो. वस्तुतः ती खर्चावरची हुकमत आहे. गवयाच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली ही गोष्ट कुवलयानंदांच्या दीर्घ रेचकाशी किती जुळते!

एका बाबतीत मात्र गवई आणि योगी यांची वाट वेगळी होते, तेही सांगितले पाहिजे. प्राणायामात श्वास घेताना पोट सैल सोडून फुगवू नये, पोटाचे स्नायू किंचित ताब्यात ठेवून छाती पसरू द्यावी, असा कुवलयानंदांचा आग्रह होता. आम्ही गाणारे मात्र पोटाला मोकळे सोडतो, कारण तान घेण्यापूर्वी क्षणार्धात श्वास घ्यावा लागतो. दोघांचे हेतू निराळे, म्हणून रीती निराळ्या. विद्यार्थ्यांनी गाताना गाण्याची रीत आणि आसनावर बसल्यावर आसनाची रीत पाळावी. दोहोंची खिचडी करू नये.

या साऱ्याचे महत्त्व पुस्तकी नाही, हे २०२१ च्या उन्हाळ्याने आपल्याला शिकवले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी बोटाला लावायचे यंत्र आले आणि त्यावरचा आकडा हाच जणू पंचांग झाला. माझ्याकडे शिकणाऱ्या एका प्रौढ गृहस्थांचा आकडा ८८ वर उतरला, तरी ते दोन दिवस घरीच भस्त्रिका करीत बसले; कोणीतरी त्यांना सांगितले होते की याने प्राणवायू वाढतो. आजारी फुप्फुसाला, जोरजोराने भाता चालवून, ते अधिकच थकवीत होते. घरच्यांनी अखेर बळेच इस्पितळात नेले म्हणून ते वाचले, पण पूर्वीचा दमसास परत यायला वर्ष लागले. नव्वद वर्षांपूर्वी लोणावळ्यात छापलेला एक निष्कर्ष त्यांच्यापर्यंत पोहोचला असता, तर ते दोन दिवस वाया गेले नसते. जो आजार औषधाचा आहे त्याला औषधच हवे, आणि जेथे प्राणवायूची नळी हवी तेथे नळीच हवी.

म्हणून संथ श्वास निरुपयोगी असे मात्र कोणी समजू नये. पुढच्या संशोधनाने त्याची बाजू अधिक स्पष्ट केली आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात, ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि योगातील मंत्रजप या दोहोंनीही श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ वर येते, आणि त्या गतीत हृदय व रक्तवाहिन्या यांचे तालचक्र सुसंगत होते, असे दिसले. तालाच्या माणसाला याचे नवल वाटू नये. हृदयाचा अशक्तपणा असलेल्या रोग्यांत मिनिटाला ६ अशा संथ श्वसनाने रक्तातील प्राणवायूचे प्रमाण काहीसे सुधारते, असे १९९८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे कारणही सरळ आहे. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसाच्या कामी येत नाही. उथळ श्वास पुष्कळ घेतले तर ही नासाडी तितक्या वेळा होते. थोडे पण खोल घेतले तर कमी होते. याचा लाभ दुर्बलाला जाणवतो, निरोग्याची घागर भरलेलीच असते.

कुवलयानंदांचे पुढचे आयुष्य अखंड उद्योगाचे गेले. १९२७ साली गांधीजींचा रक्तदाब वाढून त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली, तेव्हा योगोपचारासंबंधी दोघांत पत्रव्यवहार झाला. आसने आणि प्राणायाम यांवर त्यांनी दोन सुटसुटीत पुस्तके लिहिली. मुंबईत संस्थेची शाखा निघाली, ती चौपाटीजवळ स्थिरावली. शाळांच्या शारीरिक शिक्षणात योगाला जागा मिळावी म्हणून त्यांनी खूप खटपट केली. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय आणि पुढे योगोपचाराचे रुग्णालयही उभे राहिले. संस्कृतचा जुना विद्यार्थी त्यांच्यात जागाच होता. हस्तलिखिते ताडून योगाच्या ग्रंथांचे शुद्ध पाठ सिद्ध करण्याचे काम त्यांनी हाती घेतले, आणि १९५८ साली डॉ. शुक्ल यांच्यासह गोरक्षशतकाची आवृत्ती काढली. यंत्राने शरीराची परीक्षा आणि पाठभेदांनी ग्रंथाची परीक्षा, मागे वृत्ती एकच.

त्यांचे सारेच विवेचन आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. अमुक आसनाने अमुक ग्रंथी सुधारते, असे त्यांनी त्या काळच्या शरीरशास्त्राच्या आधाराने जे मांडले, ते आजचा वैद्य तितक्या ठामपणे सांगणार नाही. त्यांच्या प्रयोगांत माणसेही थोडीच असत. पण मोजून पाहा आणि जे दिसेल ते सांगा, ही वाट त्यांनीच घालून दिली असल्यामुळे, त्यांना दुरुस्त करणारे लोकही त्यांच्याच वाटेने चालतात.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजींनी संस्था पुढे नेली. भारताच्या टपाल खात्याने २०१९ साली, त्यांच्याच जन्मदिवशी, देशी उपचारपद्धतींच्या आचार्यांवर तिकिटे काढली, त्यांत एक त्यांचे होते. २०२४ साली कैवल्यधामाला शंभर वर्षे पूर्ण झाली.

आज योगाच्या नावाने मोठमोठे दावे ऐकू येतात, आणि जितका दावा मोठा तितकी गर्दी मोठी. अशा वेळी हे ध्यानात ठेवावे की, प्राणायामावर ज्याची सर्वांत अधिक श्रद्धा होती त्याने त्याच्याविषयी एक मोठा दावा मोजून पाहिला आणि नाकारला; तरीही मरेपर्यंत तो प्राणायाम करीत आणि शिकवीत राहिला. ज्यांना दम वाढवायचा आहे त्यांना मी हल्ली एवढेच सांगतो: सकाळी दहा मिनिटे पाठ सरळ ठेवून बसावे, श्वास आवाज न करता घ्यावा, त्याच्या दुप्पट वेळाने सोडावा, आणि किती भरला याचा हिशेब करू नये. तोच श्वास मग षड्जावर सोडला तर साधना आणि रियाज एकाच वेळी होतात.